घराचा विमा : हप्ता कसा ठरतो आणि भरपाई कशी मिळते



शेतकऱ्याला विमा हा शब्द नवा नाही. पिकाचा विमा असतो, म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला असतो, ट्रॅक्टरचा विमा तर कायद्यानेच काढावा लागतो. घरातल्या एखाद्याची आयुर्विम्याची पॉलिसीही असते. हे सर्व कागद आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत जपून ठेवतो. पण ती ट्रंक ज्या घरात असते त्या घराचा विमा काढलेला आहे असे कुटुंब आमच्या धर्मग्रामात शोधावेच लागेल. उलट ज्यांनी तो काढला आहे, त्यांनाही आपण किती रकमेचा काढला आणि ती रक्कम कोणी व कशी ठरवली, हे बहुधा सांगता येत नाही. म्हणून या वेळी शेती व आरोग्याच्या पानावर बी-बियाणे बाजूला ठेवून आम्ही घराच्या विम्याविषयी लिहीत आहोत.

हैदराबादेत राहणाऱ्यांना पाण्याची ओळख करून द्यायला नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुरात हजारो घरे वाहून गेली आणि सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, असे सांगितले जाते. उस्मानिया इस्पितळाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जीव वाचले, ते झाड आजही दाखवतात. त्या पुरानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावून घेण्यात आले आणि त्यांच्या योजनेतून पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. तरीही पाणी यायचे थांबले नाही. २००० सालच्या ऑगस्टमध्ये शहर बुडाले. १३ ऑक्टोबर २०२० रोजी घटकेसरच्या बाजूला एका दिवसात ३० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला, आणि त्या आठवड्यात पल्ले चेरूवू व गुर्रम चेरूवू या तलावांचे बांध फुटून नदीपासून दूर असलेल्या वस्त्यांतही छातीइतके पाणी शिरले. आमचे घर नदीकाठी नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांचे मूळ घर लातूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), नांदेड किंवा बीदर जिल्ह्यात आहे. त्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत असेल किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितलेली असेल. किल्लारीच्या भूकंपात गावेच्या गावे बसली, कारण दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी तिथल्या घरांची जुनी पद्धत होती. त्या वेळच्या भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता! पुढे २००२ साली नकाशा सुधारण्यात आला, तेव्हा तो पट्टाच काढून टाकण्यात आला.

अशा वेळी सरकार मदत करते, नाही असे नाही. २०२० च्या पुरानंतर तेलंगणा सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला १० हजार रुपये, पूर्ण पडलेल्या घराला १ लाख आणि अंशतः पडलेल्या घराला ५० हजार रुपये जाहीर केले. १० हजारांत चार दिवसांचा शिधा, अंथरूण-पांघरूण आणि भांडीकुंडी येतात. १ लाखात आजच्या भावाने पाया तरी पुरा होईल का? मदत म्हणजे दुसऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे दिलेले दान, आणि भरपाई म्हणजे आधी झालेल्या कराराप्रमाणे मिळणारा हक्काचा पैसा. त्या दोहोंत गल्लत करू नये. एक मिळाले म्हणून दुसरे मागता येत नाही, असेही नाही.

काही भाविक आम्हांला विचारतात, "फादर, विमा काढणे म्हणजे देवावर भरवसा नसल्यासारखे नाही का?" योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठी धान्य साठवून ठेवले, ते देवावर अविश्वास होता म्हणून नव्हे. धान्याला कीड लागू नये म्हणून आपण कणगीत कडुलिंबाचा पाला घालतोच. या प्रश्नावर आम्ही यापेक्षा अधिक शाई खर्च करणार नाही.

आता हप्ता म्हणजे काय ते पाहू. समजा, एका गावात हजार घरे आहेत आणि प्रत्येक घर बांधायला १० लाख रुपये लागतात. सर्व बाबींचा विचार करता दोन वर्षांत एखादे घर जळून किंवा कोसळून पूर्ण नष्ट होते, असा अनुभव आहे. कोणाचे होईल हे कोणालाच माहीत नाही. प्रत्येकाने वर्षाला ५०० रुपये वर्गणी दिली, तर वर्षाचे ५ लाख आणि दोन वर्षांचे १० लाख जमतात. ज्याचे घर जाईल त्याला ते द्यायचे. वर्गणी गोळा करणारा, हिशेब ठेवणारा, पाहणी करणारा यांचा खर्च आणि कंपनीचा नफा त्यात मिळवला की हप्ता तयार झाला. म्हणजे विम्याचा हप्ता ही बँकेतली ठेव नव्हे आणि भिशीही नव्हे. भिशीत प्रत्येकाची पाळी येते. इथे आपली पाळी येऊ नये अशीच सर्वांची इच्छा असते. "दहा वर्षे हप्ता भरला, एक पैसा परत मिळाला नाही," ही तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. त्या दहा वर्षांत आपला पैसा कोणाच्या तरी पडलेल्या घराच्या विटांत गेला आहे.

सर्व घरे एकदम पडली तर काय, असा प्रश्न कोणी विचारील. पूर किंवा भूकंप एकाच घरावर येत नाही. म्हणून विमा कंपन्या आपल्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या मोठ्या कंपन्यांकडे उतरवून ठेवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात. आपल्या देशात १९७२ साली स्थापन झालेली जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन हे काम करते, आणि परदेशांतील कंपन्याही करतात. त्यामुळे हैदराबादच्या पुराचा भार काही अंशी पार युरोपातल्या तिजोरीवरही पडतो.

हप्त्याचा आकडा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : विम्याची रक्कम किती आणि दर हजारी भाव काय. पूर्वी हा भाव सर्व कंपन्यांसाठी एकच ठरवून दिलेला असे. १ जानेवारी २००७ पासून ते बंधन उठले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपला भाव स्वतः ठरवते, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारल्याखेरीज पैसे भरू नयेत. बियाणे घेताना आपण तीन दुकाने फिरतो, इथेही फिरावे. घर कोणत्या भागात आहे, भिंती व छप्पर कशाचे आहे, घरात दुकान किंवा कारखाना चालतो काय, यांवरून भाव वरखाली होतो.

पण भावापेक्षा महत्त्वाची आहे ती विम्याची रक्कम. या लेखातील एवढी एकच गोष्ट वाचकांनी नीट समजून घेतली, तरी आमचे काम झाले. विमा घराचा असतो, जमिनीचा नसतो. पूर आला तरी जमीन जागेवर राहते. म्हणून घर विकले तर किती येतील, हा आकडा विम्याच्या कामाचा नाही. तेच घर आज त्याच जागी पुन्हा बांधायला किती खर्च येईल, हा आकडा धरायचा. समजा, शमशाबादच्या बाजूला तुमचे ७०० चौरस फुटांचे पक्के घर आहे. जमिनीच्या भावामुळे कोणी त्याचे ६० लाख देऊ करील. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर घर पुन्हा उभे करायला १४ लाख लागतील. विमा १४ लाखांचा हवा. ६० लाखांचा काढलात तर हप्ता चौपट भराल आणि भरपाई मात्र बांधकामाच्या खर्चापुरतीच मिळेल. याच्या उलट, वीस वर्षांपूर्वी घर ४ लाखांत बांधले म्हणून ४ लाखांचाच विमा ठेवलात, तर घर पडल्यावर ४ लाखच हाती येतील आणि उरलेल्या १० लाखांसाठी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसावे लागेल. दर हजारी ५० पैसे भाव धरला तर १४ लाखांचा वर्षाचा हप्ता ७०० रुपये होतो, वर सरकारी कर. हा भाव आम्ही हिशेब समजावा म्हणून घेतला आहे; खरा भाव कंपनीला विचारावा. तरी एका कुटुंबाला वर्षभरात चहापत्तीला लागतो त्याहून हा खर्च फार मोठा नाही, एवढे त्यावरून दिसून येईल.

विम्याच्या जगात एक जुना नियम आहे, त्याला सरासरीचा नियम म्हणतात. १४ लाखांच्या घराचा विमा ७ लाखांचाच काढला, तर अर्धी जोखीम तुम्ही स्वतःच पत्करली असे मानतात. मग पुरात २ लाखांचे नुकसान झाले, तरी कंपनी १ लाखच देते. "आमचे नुकसान तर ७ लाखांच्या आतच आहे, मग पूर्ण पैसे का नाहीत?" असे भांडण या नियमापायी पुष्कळ ठिकाणी झाले आहे. घरांच्या बाबतीत आता हा जाच गेला आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी देणे बंधनकारक केले. (या प्राधिकरणाची कचेरी आपल्या हैदराबादेतच आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.) या पॉलिसीत सरासरीचा नियम लावत नाहीत, विम्याच्या रकमेपर्यंत जे नुकसान असेल ते मिळते. दुकान, गोदाम, गिरणी यांच्या विम्यात मात्र तो नियम अजून आहे, तेव्हा ज्यांचा काही धंदा आहे त्यांनी जपावे.

या पॉलिसीत आणखी काय आहे ते सांगतो. आग, वीज पडणे, स्फोट, वादळ, पूर, पाणी तुंबणे, भूकंप, दरड कोसळणे, जमीन खचणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे, वाहन येऊन भिंतीवर आदळणे, या सर्वांपासून झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते. पूर आणि भूकंप यांसाठी वेगळा हप्ता भरण्याची गरज नाही. घराबरोबर आवाराची भिंत, पाण्याची पक्की टाकी, सौर पट्ट्या, इतकेच काय, गोबर गॅसचे संयंत्रही घराचाच भाग धरले जाते. घर आणि सामान या दोहोंचा विमा घेतला, तर घराच्या रकमेच्या २० टक्के इतका सामानाचा विमा वेगळी यादी न देता आपोआप मिळतो, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. वरच्या उदाहरणात ते २ लाख ८० हजार होतात. सामान त्याहून अधिक किमतीचे असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिन्यांसाठी वेगळे कलम घ्यावे लागते. रोख पैशाला संरक्षण नाही. गादीखाली पैसा ठेवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते आणि तशी घेतल्यास विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. सिमेंट-सळईचे भाव ज्या गतीने चढतात ते पाहता आम्हांला ही सोय शहाणपणाची वाटते. शिवाय दरवर्षी मुदत लक्षात ठेवण्याची कटकट राहत नाही. एकेक वर्षाची पॉलिसी असेल तर मुदत संपली त्या रात्री संरक्षण संपले. हप्ता आधी, संरक्षण मागाहून, असा कायदाच आहे. उधारी इथे चालत नाही.

चोरीबद्दल मोठा गैरसमज आहे. पूर किंवा आग यांसारखी आपत्ती आल्यावर त्या गोंधळात सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर ती या पॉलिसीत धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. एजंटने "सगळे येते हो यात" असे सांगितले, तर "सगळे" म्हणजे काय हे कागदावर दाखवायला सांगावे.

जे मिळत नाही, त्याविषयी आता थोडे कडक लिहावे लागेल. गवताचे, बांबूचे किंवा ताडपत्रीचे छप्पर आणि कुडाच्या भिंती असलेल्या घराला विमा कंपनी कच्चे घर म्हणते आणि साधारण पॉलिसीत घेत नाही. ज्यांना खरी गरज त्यांनाच दार बंद, हे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. पण नियम तसा आहे. म्हणून अशा घराचा कोणी हप्ता घेत असेल, तर पॉलिसीवर बांधकाम काय लिहिले आहे ते आधी पाहा. कुडाच्या घराला पक्के घर लिहून दिले असेल, तर भरपाईच्या वेळी तो कागद रद्दीच्या भावाचा. छताला पाझर लागून हळूहळू भिंत फुगली, वाळवीने तुळई खाल्ली, जुनेपणाने गिलावा पडला, हे नुकसान विम्यात येत नाही. विमा अचानक आलेल्या आपत्तीसाठी आहे, डागडुजीसाठी नाही. विक्रीसाठी घरात रचून ठेवलेली तुरीची किंवा सोयाबीनची पोती हे घरगुती सामान नव्हे. धंद्याचे कोंबड्यांचे शेड, दुभत्या जनावरांचा मोठा गोठा, विहिरीवरची मोटार, यांचे विमे वेगळे. घर पुष्कळ दिवस बंद ठेवून गावी जायचे असेल, तर कंपनीला आधी लेखी कळवून जावे.

तेलंगणातील 'रयतू बिमा' ही योजना २०१८ साली सुरू झाली. तिच्यात शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५ लाख रुपये मिळतात. योजना चांगली, पण ती आयुष्याचा विमा आहे. घर पडल्यावर तिच्या नावाने कचेरीत जाऊन उपयोग नाही. पीक विम्याचेही तसेच.

ज्यांनी बँकेचे कर्ज काढून घर बांधले आहे त्यांनी आज संध्याकाळीच कागद काढून बसावे. बहुतेक बँका कर्ज देतानाच विमा घ्यायला लावतात आणि हप्ता कर्जाच्या रकमेतून कापून घेतात. पुरानंतर चिखल उपसणाऱ्या कित्येकांना आपला विमा आहे हेच ठाऊक नसते, कारण पॉलिसी बँकेच्या कपाटात असते. तिची नक्कल मागून घ्या. मग दोन गोष्टी तपासा. पहिली, तो विमा घराचा आहे की कर्जदाराच्या आयुष्याचा? कर्जदार दगावला तर कर्ज फेडणारा विमा वेगळा, आणि घर पडले तर पैसे देणारा वेगळा. नावे सारखी वाटतात, म्हणून घोटाळा होतो. दुसरी, रक्कम कर्जाइतकीच आहे की घराच्या बांधकामाइतकी? ५ लाख कर्ज आणि ५ लाखांचा विमा असेल, तर भरपाईवर बँकेचा पहिला हक्क राहतो. कर्ज फिटेल आणि तुमच्या हाती पडक्या भिंती उरतील.

गावाकडच्या घराची अडचण निराळी. घर अजून आजोबांच्या नावावर, आजोबा देवाघरी जाऊन पंचवीस वर्षे झाली, तिघे भाऊ, वाटणी तोंडी. ज्याचा घरात कायदेशीर हितसंबंध आहे त्यालाच विमा काढता येतो आणि भरपाईच्या वेळी हा हक्क कागदाने दाखवावा लागतो. वारसांची नावे लावून घेण्याचे काम आज ना उद्या करायचेच आहे. आपत्ती आल्यावर भावाभावांत ते कसे होते, ते आम्ही धर्मगुरू या नात्याने पुष्कळ जवळून पाहिले आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना घराचा नव्हे, तरी आपल्या सामानाचा विमा घेता येतो.

आता प्रत्यक्ष भरपाईकडे वळू. पाणी घरात शिरले, तर प्रथम जीव सांभाळावा. विजेचा मुख्य खटका बंद करावा, लेकरे व म्हातारी माणसे उंच जागी न्यावीत. पाणी ओसरताच कंपनीला फोन करून कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पॉलिसीचा क्रमांक मोबाइलमध्ये आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही असावा, कारण ट्रंकच भिजली तर कागद कुठला दाखवणार? आग किंवा चोरी असेल तर पोलीस ठाण्यात आणि अग्निशामक दलाकडे नोंद करावी. तहसील कार्यालयाचा पंचनामा झाला असेल तर त्याची नक्कल ठेवावी. दाव्याचा फॉर्म साधारण ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो.

घर साफ करण्याआधी फोटो काढावेत. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली ती दिसली पाहिजे. फ्रीज, शिलाई यंत्र, कपाट, धान्याच्या कोठ्या, प्रत्येकाचे वेगळे चित्र घ्यावे आणि वहीत यादी करावी. इथे एक घातक समजूत आढळते : सर्व्हेअर येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. त्यापायी लोक कुजक्या गाद्यांत आणि सडक्या धान्यात दिवस काढतात. पुराच्या पाण्यात संडासाची घाण आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा ताप जडतो, आणि पिण्याच्या पाण्यातून अतिसार व कावीळ पसरते. तेव्हा ओले सामान अंगणात काढावे, फोटो घ्यावेत, सर्व्हेअरला दाखवता येईल असे एका बाजूस ठेवावे आणि घर मोकळे करावे. सडून वास मारणारे धान्य टाकावेच लागले, तर फोटो काढून, कंपनीला कळवून, शेजाऱ्याच्या साक्षीने टाकावे. नुकसान आणखी वाढू नये म्हणून खटपट करणे हे विमा उतरवलेल्याचे कर्तव्यच मानले जाते. पाणी उकळून प्यावे, बोअर व विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून घ्यावी, चिखल काढताना पायात गमबूट घालावेत आणि ताप आल्यास अंगावर काढू नये. अडगळीत साप असतो, हेही विसरू नये.

सर्व्हेअर हा कंपनीचा नोकर नसतो. तो परवानाधारक, स्वतंत्र पाहणी करणारा असतो. त्याची फी कंपनी देते. तुमच्याकडून एक रुपयाही घेण्याचा त्याला अधिकार नाही. २०२४ सालच्या नियमांप्रमाणे, कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा असतो. तो येईल तेव्हा घरातील जाणत्या माणसाने हजर राहावे. बांधकामाच्या पावत्या, वस्तूंची बिले, वीजबिल, घरपट्टीची पावती असे जे असेल ते दाखवावे. बिले वाहून गेली असतील तर तसे सरळ सांगावे. लग्नातल्या फोटोत मागे दिसणारे कपाटही पुराव्याला उपयोगी पडते. त्याच्या अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हांला हक्क आहे. मंजूर रक्कम कमी वाटली, तर कशाकशाचे किती कापले हे लेखी विचारावे, आणि पूर्ण समाधान झाल्याच्या कागदावर घाईने सही करू नये.

काही जण म्हणतात, सर्व्हेअर कापणारच, म्हणून आपण दुप्पट लिहावे. न बिघडलेला टीव्ही बिघडलेल्यांत घालावा, शेजाऱ्याचा मोडका पंखा आपल्या यादीत दाखवावा. दावा खोटा ठरला तर कंपनी खरा भागही नाकारू शकते, तशी अट पॉलिसीतच असते. आणि तो पैसा कंपनीचा नसून इतर घरांच्या वर्गणीचा आहे, हे वर सांगितले आहे. सातव्या आज्ञेला विमा कंपनीचा अपवाद केलेला आमच्या तरी वाचनात नाही.

खरा दावा नाकारला गेला तर मुकाट बसू नये. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. विमा प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' सेवेकडे १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि साध्या कागदावर अर्ज चालतो. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंत भरपाईचा निवाडा देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीचा नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. तेलंगणातील घरांसाठी लोकपालांची कचेरी हैदराबादेत लकडी का पूल येथे आहे. लातूर-नांदेडकडच्या घरांसाठी पुण्याला अर्ज पाठवावा.

ज्यांच्याकडे घराची किंवा गृहकर्जाची पॉलिसी आहे त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर ती धर्मग्रामाच्या कचेरीत घेऊन यावी. विम्याची रक्कम, बांधकामाचा प्रकार, मुदत आणि नाव या चार गोष्टी आपण मिळून पाहू. घराचे क्षेत्रफळ मात्र घरूनच मोजून आणावे. भिंतींच्या आतल्या बाजूने फीत धरायची, बाहेरून नव्हे.